२७ वर्षांच्या भाच्याला हार्ट ब्लॉक, आणि डॉक्टर विचारताहेत, "अमेरिकेत गोचीड चावली होती का?"

मालवी_मामा

नमस्कार मंडळी. इंदूरहून लिहितोय, हॉस्पिटलच्या व्हरांड्यातून. चुका सांभाळून घ्या.

भाचा २७ वर्षांचा. कनेक्टिकटमध्ये नोकरी करतो, गणपतीला म्हणून सुदामानगरला ताईकडे आला. आल्यापासून गळून गेलेला. आम्ही म्हटलं, प्रवासाचा शीण. मग बारीक ताप आणि अंगदुखी. पावसाळ्यात इथे ताप म्हटलं की घरातला प्रत्येक जण डॉक्टर होतो आणि प्रत्येकाचं निदान डेंगू! रक्त तपासलं, डेंगू नाही, मलेरिया नाही. व्हायरल म्हणून सोडून दिलं. गणपती बसले त्याच्या दुसऱ्या दिवशी आरतीचं सामान घेऊन वरच्या मजल्यावर निघाला, अर्ध्या जिन्यात डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मटकन खाली बसला. शेजारच्या नर्सताईंनी नाडी धरली तर चाळीसच्याही खाली.

ईसीजीत 'कम्प्लीट हार्ट ब्लॉक', म्हणजे रक्तवाहिनीतला अडथळा नव्हे, हृदयातली विजेची वाटच पूर्ण बंद. लगेच भरती केलं, मानेच्या शिरेतून तात्पुरती पेसिंगची वायर घातली. आता तो शुद्धीवर आहे, गप्पा मारतो, वर आम्हालाच धीर देतो. हृदयरोगतज्ज्ञ म्हणाले, परमनंट पेसमेकर बसवून टाकू. ताईने होकार दिलासुद्धा होता.

संध्याकाळी आमच्या भाऊजींचे जुने फिजिशियन भेटायला आले. त्यांनी ईसीजीकडे नंतर पाहिलं, आधी भाच्याला विचारत बसले. तिकडे कुठे राहतोस? घराजवळ झाडी आहे का? जूनमध्ये कुठे फिरलास? अंगावर चट्टा उठला होता का? तर हा म्हणतो, हो, जूनमध्ये मित्रांबरोबर डोंगरात गेलो होतो, मग मांडीच्या मागे मोठा गोल चट्टा आला, मी दाद (नायटा) समजून मलम लावलं, गेला आपोआप. डॉक्टर म्हणाले, पेसमेकरची घाई नको, हा लाइम असू शकतो.

आम्ही कुणी हे नाव ऐकलेलं नाही. गोचिडीमुळे हृदय बंद पडतं? आणि थांबायचं म्हणजे जीवाशी खेळ तर नाही ना? इथे कुणी डॉक्टर असतील तर कृपा करून लिहा. ताई दर दहा मिनिटांनी मलाच विचारते.

छप्पनवाला

मामा, घाबरू नका. माझ्या सासऱ्यांना पेसमेकर बसवून बरीच वर्षं झाली. रोज सकाळी पोहे-जलेबी, संध्याकाळी राजवाड्यापर्यंत फेरी. मोठे डॉक्टर सांगतायत तर बसवून टाका, एकदाचा घोर मिटेल.

डॉ_लष्करवाले

ग्वाल्हेरला हृदयरोग विभागात काम करतो. मामा, रुग्ण मी पाहिलेला नाही, तेव्हा निर्णय तिथल्या डॉक्टरांचाच. पण तुमच्या फिजिशियनांनी विचारलेले प्रश्न लाखमोलाचे आहेत.

छप्पनवाल्यांच्या सासऱ्यांची गोष्ट निराळी. उतारवयात हृदयातली विजेची वाट झिजून ब्लॉक होतो, झिजलेलं परत येत नाही, म्हणून तिथे पेसमेकर हाच इलाज. कालपर्यंत धडधाकट असलेल्या २७ वर्षांच्या मुलाला पूर्ण ब्लॉक होतो तेव्हा 'का झाला' हे शोधल्याशिवाय कायमचं यंत्र बसवायला माझा तरी हात धजणार नाही. पेसमेकरची बॅटरी साधारण ८ ते १२ वर्षं चालते. म्हणजे या मुलाला आयुष्यभरात चार-पाच वेळा तरी टेबलावर जावं लागेल. वायर तुटणं, जंतुसंसर्ग होणं हे धोके वेगळेच.

आता लाइमबद्दल. बोरेलिया बर्गडॉर्फेरी नावाचा जिवाणू, सिफिलिसच्या जिवाणूचा लांबचा भाऊबंद. विशिष्ट जातीच्या गोचिडीच्या चाव्यातून तो शरीरात शिरतो. आधी त्वचेवर चट्टा, ताप, अंगदुखी. उपचार झाले नाहीत तर तो सांधे, नसा आणि थोड्या जणांत हृदय गाठतो. अमेरिकेत नोंद झालेल्या लाइम रुग्णांपैकी सुमारे १ टक्क्यात हृदय सापडतं. बहुधा चाव्यानंतर महिना-दोन महिन्यांनी. जूनमधला चट्टा आणि आत्ताचा ब्लॉक, हे गणित जुळतं.

हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांकडे विजेचा संदेश जातो तो एव्ही नोड नावाच्या गाठीतून. लाइमची सूज बहुतेकदा याच जागी येते, आणि संदेश उशिरा पोचतो किंवा मुळीच पोचत नाही. नाव मोठं, लाइम कार्डायटिस. पण त्यात एक गोष्ट जमेची: ही सूज अँटिबायोटिकने उतरते आणि बहुतेक रुग्णांत ब्लॉक पूर्णपणे जातो.

थांबण्यात धोका आहे का? घरी थांबण्यात आहे, आणि भरपूर आहे. मॉनिटरवर, वायर घातलेली असताना थांबणं म्हणजे उपचारच आहे. हा ब्लॉक फार लहरी असतो. सकाळी पहिल्या पायरीचा, म्हणजे नुसता उशीर, दिसतो आणि दुपारी पूर्ण होतो, कधी काही मिनिटांतच.

शंकेखोर

म्हणजे पहिल्या डॉक्टरांना पेसमेकर विकायचा होता, स्पष्टच दिसतंय.

डॉ_लष्करवाले

शंकेखोर, नाही पटलं. नाडी चाळीसच्या खाली असताना ज्यांनी तातडीने वायर घातली त्यांनी मुलाचा जीव राखला. आणि पूर्ण ब्लॉक, कारण सापडत नाही, अशा वेळी परमनंट पेसमेकर हेच पुस्तकातलं उत्तर आहे. लाइम आपल्या भागात जवळजवळ दिसत नाही. मी स्वतः इतकी वर्षं ब्लॉकचे रुग्ण पाहतोय, आमच्याकडे तरुण मुलात असं दिसलं की पहिला संशय सार्कॉइडोसिस (अवयवांत सुजेच्या बारीक गाठी होण्याचा आजार) आणि टीबीचा. मग संधिवाताचा ताप, घटसर्प, जन्मापासूनचा ब्लॉक, कुठल्या गोळ्या चालू आहेत का. मामा, छातीचा सीटी आणि इको झाला नसेल तर तो होऊ द्या. लाइम सापडला तरी बाकीची दारं तपासून बंद करावीत.

हडसनकाठची_हेमा

मामा, मी माहेरची इंदूरचीच, लोकमान्यनगरची. गेली बरीच वर्षं न्यूयॉर्क राज्यात हडसन नदीच्या खोऱ्यात राहते. आमच्याकडे लाइम हा शब्द शाळेतल्या पोरांनाही पाठ असतो. मे ते जुलै हा सगळ्यात वाईट काळ, कारण तेव्हा अर्धवट वाढलेल्या गोचिडी, ज्यांना इथे निम्फ म्हणतात, त्या गवतात आणि पालापाचोळ्यात असतात. आकार खसखशीच्या दाण्याएवढा. चावा दुखत नाही, खाजत नाही. काखेत, जांघेत, गुडघ्याच्या मागे, केसांत जाऊन चिकटते. त्यामुळे 'गोचीड चावली होती का' याला 'नाही' असं उत्तर आलं तर त्यावर मुळीच विसंबू नका. निम्म्याहून जास्त लोकांना आठवतच नाही, असं आमचे डॉक्टर नेहमी सांगतात.

आणखी एक. इथल्या पोस्टरवर चट्टा दाखवतात तो गोऱ्या कातडीवरचा, मधोमध लाल ठिपका आणि भोवती लाल कडं. आपल्या सावळ्या अंगावर तो तसा दिसत नाही. जांभळट, तपकिरी, मुका मार लागल्यासारखा दिसतो, आणि बऱ्याचदा मधे कडं नसतंच, नुसता पसरत जाणारा सपाट डाग. आमच्या ओळखीच्या दोन देशी कुटुंबांत दाद म्हणूनच मलम लावलं गेलं. भाच्याने फोनमध्ये फोटो काढला होता का, विचारा ना. हल्लीची मुलं सगळ्याचेच फोटो काढतात.

मालवी_मामा

हेमाताई, तुमचे किती आभार मानू! फोटो निघाला. रूममेटला 'हे काय रे' म्हणून पाठवला होता. डॉक्टरांनी पाहिला, त्यांच्या चेहऱ्यावरूनच कळलं. तळहाताहून मोठा, तपकिरी-जांभळा. त्याच आठवड्यात ताप आल्याचंही आता आठवतंय त्याला.

दोन्ही डॉक्टर एकत्र बसले. पेसमेकर तूर्त थांबवला. रक्ताचा नमुना बाहेरगावी पाठवला, पण रिपोर्टची वाट न पाहता सलाइनमधून सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन नावाचं अँटिबायोटिक चालू केलंय. इको ठीक आहे, सीटीत गाठी नाहीत. लष्करवाले डॉक्टर, रिपोर्टच्या आधी औषध चालू केलं, हे बरोबर आहे ना?

डॉ_लष्करवाले

अगदी बरोबर. कॅनडातल्या किंग्स्टनच्या डॉक्टरांनी अशा वेळेसाठी गुण द्यायची एक सोपी पद्धत बसवली आहे. वय ५० च्या आत, १ गुण. पुरुष, १. बाहेर रानात वावर किंवा लाइमच्या भागात राहणं, १. ताप, थकवा, अंगदुखी, २. गोचीड चावल्याचं ठाऊक असणं, ३. चट्टा, ४. एकूण १२. सात किंवा त्याहून जास्त झाले की संशय दाट. तुमच्या भाच्याचे, गोचीड आठवत नसतानाही, ९ होतात. इतक्या गुणांवर औषध लगेच सुरू करायचं, रिपोर्ट मागून येऊ दे.

सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन दिवसातून एकदा, २ ग्रॅम शिरेतून. आपल्याकडे टायफॉइडलाही देतात, कुठेही मिळतं. ईसीजी सुधारला की पुढचा कोर्स तोंडाने, बहुधा डॉक्सीसायक्लिन १०० मिलिग्रॅम दोन वेळा. सगळं मिळून १४ ते २१ दिवस.

घरच्यांनी ईसीजीच्या कागदावर काय पाहायचं तेही सांगतो, म्हणजे ताईंना दर दहा मिनिटांनी मामांना विचारावं लागणार नाही. 'पीआर' नावाचं अंतर असतं. वरच्या कप्प्याचा छोटा उंचवटा सुरू होतो तिथपासून खालच्या कप्प्याचा उंच सुळका सुरू होतो तिथपर्यंत. कागदावरचा एक लहान चौकोन म्हणजे ४० मिलिसेकंद. निरोगी माणसात हे अंतर पाच लहान चौकोनांच्या आत, म्हणजे २०० पर्यंत. लाइममध्ये ३०० हा आकडा महत्त्वाचा, साडेसात चौकोन. त्याच्या वर गेलं की पूर्ण ब्लॉक होण्याची भीती, म्हणून २०२० सालच्या अमेरिकन मार्गदर्शक सूचनांत अशा रुग्णाला भरती करून मॉनिटरवर ठेवा असं म्हटलंय. सध्या भाच्याचे वरचे आणि खालचे कप्पे आपापल्या चालीने चालले असतील, तेव्हा पीआर मोजताच येणार नाही. दोघांची गाठ पडली की मोजायला घ्या.

काढा_प्रेमी

बरोबरीने अर्जुनारिष्ट चालू करा. हृदयाला अमृत आहे. इंग्रजी औषधांनी शरीर पोखरतं.

डॉ_लष्करवाले

मॉनिटरवरच्या रुग्णाला डॉक्टरांच्या नकळत काहीही देऊ नका. अर्जुनाची साल नाही, बीपीची गोळी नाही, धडधड कमी करणारी गोळी तर मुळीच नाही. एव्ही नोड आधीच सुजलेला आहे, त्यात नाडी मंद करणारं काही पोटात गेलं तर पंचाईत.

संपादक

धाग्यात औषधांची नावं आणि मात्रा आल्या आहेत. वाचून कुणी स्वतःवर प्रयोग करू नयेत.

अनामिक_अहिल्या

माझा प्रश्न वेगळा आहे. आमची मुलं पावसाळ्यात दर रविवारी चोरल, पाताळपाणी, जानापावला जातात. घरी लॅब्रेडोर आहे, त्याच्या कानात गोचिडी होतात, मी चिमट्याने काढते. हा धागा वाचल्यापासून झोप उडालीय. आम्हालाही लाइम होऊ शकतो का?

बडोदेकर_पशुवैद्य

ताई, झोपा निवांत. लाइम पसरवणाऱ्या गोचिडी आयक्सोडिस गटातल्या. अमेरिकेच्या पूर्वेला एक जात, पश्चिमेला दुसरी, युरोपात तिसरी. तुमच्या लॅब्रेडोरच्या कानात असते ती तपकिरी कुत्र्याची गोचीड, ऱ्हिपिसेफॅलस. ती लाइम पसरवत नाही. भारतात लाइमचे तुरळक रुग्ण नोंदले गेलेत, तेही मुख्यतः हिमालयाच्या पट्ट्यातले आणि उत्तरेकडचे. माळव्यातल्या कुत्र्याच्या गोचिडीवरून लाइमची भीती बाळगायचं कारण नाही.

पण गोचीड म्हणजे निरुपद्रवी असंही समजू नका, हे माझ्या धंद्यातलं पहिलं वाक्य. कुत्र्याला एहर्लिकिया होतो, ताप, नाकातून रक्त, प्लेटलेट खाली. माणसाला गोचिडीचा टायफस होऊ शकतो. आमच्या गुजरातेत तर २०११ साली साणंदजवळच्या कोलाट गावात क्रिमियन-काँगो तापाचे रुग्ण सापडले. तो गुरांवरच्या हायलोमा गोचिडीने येतो. आणि कर्नाटकातला क्यासनूर जंगलाचा ताप १९५७ पासून आहे. तेव्हा चिमट्याने काढता ते चांगलं, पण नख लावून चिरडू नका, हातमोजे घाला, काढलेली गोचीड स्पिरिटमध्ये टाका.

हडसनकाठची_हेमा

काढायची पद्धत इथेही तीच. टोकदार चिमटा कातडीला टेकवून, तोंडाजवळ धरून सरळ वर ओढायची. काडीपेटीचा चटका, रॉकेल, व्हॅसलीन असले आपल्या आजीचे उपाय करायचे नाहीत. आणि वेळ फार महत्त्वाची. या गोचिडीने साधारण दीड दिवस तरी चिकटून रक्त प्यायलं तरच जिवाणू अंगात उतरण्याची शक्यता मोठी होते. म्हणून आम्ही बागेतून आलो की अंघोळ, कपडे तापलेल्या ड्रायरमध्ये आणि पोरांना उभं करून डोक्यापासून पायापर्यंत पाहणी. फुगलेली गोचीड सापडलीच तर ७२ तासांच्या आत डॉक्टर डॉक्सीसायक्लिनचा २०० मिलिग्रॅमचा एकच डोस देतात. भाच्याला कुणी हे सांगितलं असतं तर गणपतीत मोदक खात बसला असता.

डॉ_लष्करवाले

अहिल्याताई, चोरल-जानापावच्या गवतात तुम्ही खरी काळजी करायची ती स्क्रब टायफसची. तो गोचिडीतून येत नाही, चिगर नावाच्या बारीक किड्याच्या चाव्यातून येतो, पावसाळ्यात आणि नंतर दोन महिने. मध्य प्रदेशात तो आहे आणि दरवर्षी दिसतो. पाच दिवसांहून जास्त ताप, डोकेदुखी, आणि कमरेखाली, काखेत कुठेतरी न दुखणारी काळी खपली. त्यातही हृदयाला सूज येऊ शकते. औषध मात्र तेच, डॉक्सीसायक्लिन. डॉक्टरकडे जाल तेव्हा 'रानात गेलो होतो' हे आपणहून सांगा. तापाचा चार्ट सगळे नेतात, रविवारी कुठे गेलो होतो हे कुणी सांगत नाही.

शंकेखोर

एक विचारतो, राग मानू नका. भारतात लाइम जवळजवळ नाही, मग आपल्या लॅबच्या रिपोर्टवर भरवसा किती? आणि नेटवर एक मोठा लेख वाचला, लाइम कधीच बरा होत नाही, वर्षानुवर्षं अँटिबायोटिक घ्यावं लागतं. भाच्याचं तसं झालं तर?

डॉ_लष्करवाले

प्रश्न चांगला आहे, राग कसला. तपासणी दोन टप्प्यांची असते. आधी एलायझा, ती पॉझिटिव्ह किंवा संशयास्पद आली तरच दुसरी, बहुधा इम्युनोब्लॉट. दोन्ही रक्तातली प्रतिपिंडं मोजतात, जिवाणू नाही. चट्टा नुकताच उठलेला असताना ती निगेटिव्ह येऊ शकते, कारण प्रतिपिंडं तयार व्हायला काही आठवडे लागतात. हृदयापर्यंत आजार पोचेस्तोवर ती बहुधा तयार झालेली असतात. उलट बाजूही लक्षात घ्या: ज्याने इंदूर कधी सोडलं नाही, चट्टा नाही, अशा माणसाची नुसती थकवा म्हणून तपासणी केली तर खोटा पॉझिटिव्ह येऊन भलतीच वणवण सुरू होते. म्हणून चेकअपच्या पॅकेजमध्ये लाइम घालू नका, कितीही सवलत असो!

एकदा पॉझिटिव्ह आलेली प्रतिपिंडं वर्षानुवर्षं राहू शकतात. बरा झाला का हे पाहायला ती परत तपासण्यात अर्थ नाही. ईसीजी पाहायचा.

लांबलचक अँटिबायोटिकबद्दल: उपचारानंतरही काहींना थकवा, सांधेदुखी काही महिने राहते, ते खोटं नाही. पण त्यासाठी महिनोन्महिने औषध दिल्याने टिकाऊ फायदा होतो का हे नीट तपासलं गेलंय. २००१ आणि २०१६ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये असे अभ्यास आले, फायदा दिसला नाही. शिरेतली नळी महिनोन्महिने ठेवण्याचे धोके मात्र खरे आहेत. त्या लेखाखाली कुठल्या क्लिनिकची जाहिरात होती का, तेवढं पाहा.

छप्पनवाला

डॉक्टरसाहेब, मी आधी पेसमेकर बसवा म्हणून लिहिलं होतं, आता वाचतोय आणि शिकतोय. या आजाराला लाइम का म्हणतात? लिंबाचा काय संबंध?

हडसनकाठची_हेमा

लिंबाचा काही संबंध नाही हो! कनेक्टिकटमध्ये लाइम आणि ओल्ड लाइम अशी गावं आहेत. १९७५ च्या सुमारास तिथल्या आयांच्या लक्षात आलं की गल्लीत बऱ्याच लहान मुलांचे गुडघे सुजलेत. डॉक्टर म्हणत होते, मुलांचा संधिवात. एवढ्या मुलांना एकाच ठिकाणी कसा? त्यांनी पाठपुरावा केला म्हणून येल विद्यापीठाचे अ‍ॅलन स्टीअर तिथे गेले. जिवाणू पुढे विली बर्गडॉर्फर यांना गोचिडीच्या पोटात सापडला, १९८२ साली ते छापून आलं, आणि त्यांचंच नाव जिवाणूला मिळालं. म्हणजे भाचा आजाराच्या माहेरीच नोकरी करतोय.

डॉ_लष्करवाले

हेमाताईंनी स्टीअर यांचं नाव काढलं म्हणून. हृदयाची पहिली मोठी नोंदही त्यांच्याच गटाची, १९८० ची, म्हणजे जिवाणू सापडायच्या आधीची. २० रुग्ण, बहुतेक तरुण पुरुष. १८ जणांना एव्ही ब्लॉक, त्यांतल्या ८ जणांना पूर्ण. मामांच्या भाच्याचं चित्र चाळीसहून जास्त वर्षांपूर्वी जसंच्या तसं लिहून ठेवलेलं आहे.

आणि हा आजार हलका घेऊ नये म्हणून दुसरी बाजूही सांगतो. ताईंना वाचून दाखवू नका. २०१२ च्या नोव्हेंबरपासून २०१३ च्या जुलैपर्यंत अमेरिकेत तिघांचा असा अचानक मृत्यू झाला. वयं २६ ते ३८. लाइमचं निदान जिवंतपणी कुणाचंच झालेलं नव्हतं. मृत्यूनंतर हृदयाच्या ऊतींत जिवाणू सापडले. अशा घटना फार थोड्या आहेत, १९८५ ते २०१९ या काळात जगभरात नोंदलेल्या अवघ्या ११. पण त्या सगळ्यांत औषध स्वस्त आणि हाताशी होतं, हे मनात राहतं.

मालवी_मामा

मंडळी, बातमी. तिसऱ्या दिवशी सकाळी सिस्टरने मॉनिटर दाखवला, वरचे-खालचे कप्पे मधूनमधून एकत्र चालायला लागले होते. डॉक्टर म्हणाले, दुसऱ्या पायरीचा ब्लॉक झालाय, म्हणजे उतार पडतोय. त्यानंतर पीआर मोजता आला. मी चौकोन मोजले, नऊ भरले. ताईने परत मोजले, तिचेही नऊ. सिस्टर हसत होत्या. मग आठ, मग साडेसहा. तात्पुरती वायर काढली. रिपोर्टही आला, एलायझा आणि ब्लॉट दोन्ही पॉझिटिव्ह.

ज्यांनी पेसमेकर सुचवला होता तेच डॉक्टर रोज सर्वांत आधी राउंडला येऊन पट्टी पाहायचे. काल म्हणाले, आता नवीन तरुण रुग्ण आला की मी पासपोर्ट मागणार. विसर्जनाच्या मिरवणुकीतल्या झांक्या भाच्याने हॉस्पिटलच्या टीव्हीवरच पाहिल्या.

एक शंका. वायर काढली, पण पीआर अजून अडीचशेच्या आसपास आहे. पूर्ण बरा व्हायच्या आधी घरी सोडणं योग्य का?

डॉ_लष्करवाले

उत्तम! पूर्ण ब्लॉक बहुधा आठवड्याभरात जातो. उरलेला थोडा उशीर, म्हणजे पहिल्या पायरीचा ब्लॉक, जायला महिना-दीड महिना लागू शकतो. ३०० च्या खाली स्थिर असेल, गोळ्या चालू असतील आणि पुन्हा ईसीजी काढायची तारीख ठरली असेल तर घरी न्यायला हरकत नसते. घरी सोडण्याआधी ट्रेडमिलवर थोडं चालवून नाडी वाढली की वाट नीट साथ देते का हे पाहतात, तुमच्या डॉक्टरांना त्याबद्दल विचारा. चक्कर, अंधारी, श्वास लागणं यांपैकी काही झालं तर थेट इमर्जन्सीत. 'जरा पडून राहा, बरं वाटेल' हे आपल्या घरांतलं वाक्य पुढचे दोन महिने बंद.

डॉक्सीसायक्लिनची गोळी भरपूर पाण्याबरोबर आणि बसूनच घ्यायची, घेतल्यावर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. नाहीतर अन्ननलिकेत अडकून ती तिथेच जखम करते. दूध, कॅल्शियम, लोहाची गोळी यांच्याबरोबर नको, औषध अंगी लागत नाही. आणि कडक उन्हात हिंडायचं नाही, कातडी भाजून निघते.

अनामिक_अहिल्या

मामा, खूप बरं वाटलं वाचून. एकदा झाला की परत होत नाही ना हा आजार? आणि लस नाही का?

हडसनकाठची_हेमा

परत होतो, दुर्दैवाने. पुन्हा गोचीड चावली की पुन्हा. लस होती, १९९८ मध्ये आली आणि २००२ मध्ये कंपनीने बाजारातून काढून घेतली. कुत्र्यांना मात्र इथे लस मिळते. आमच्या कुत्र्याला टोचलीय आणि आम्ही तसेच फिरतोय, हा विनोद इथे दरवर्षी होतो.

मालवी_मामा

भाचा सुट्टी वाढवून इथेच थांबतोय. कोर्स संपल्यावर ईसीजी ठीक आला तर परत जाईल. ताई म्हणते जाऊच नको, तो म्हणतो, पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून जाईन. माझा शेवटचा प्रश्न, तिकडच्या डॉक्टरांना दाखवायला काय काय द्यावं?

डॉ_लष्करवाले

डिस्चार्ज समरी तर लागेलच. पण त्याहून महत्त्वाच्या मूळ ईसीजीच्या पट्ट्या: पूर्ण ब्लॉकची, सुधारत असतानाची आणि शेवटची, प्रत्येकीवर तारीख-वेळ. थर्मल कागदावरची छपाई उडते, म्हणून आजच त्यांचे स्कॅन करून घ्या. लॅबचा रिपोर्ट दोन्ही टप्प्यांच्या आकड्यांसकट, नुसतं 'पॉझिटिव्ह' लिहिलेला नको. इंजेक्शन किती दिवस आणि गोळ्या कधीपासून ते कागदावर. आणि तो चट्ट्याचा फोटो, रूममेटला पाठवलेला. अमेरिकेत लाइमचा रुग्ण आरोग्य खात्याला कळवावा लागतो, तेव्हा तिकडचे डॉक्टर हे सगळं मागतीलच.

मालवी_मामा

लिहून घेतलं. स्कॅन करायला निघालोय, राजवाड्याजवळचं दुकान नऊला बंद होतं.